फोन पॅडवर ठेवला की चार्ज का होतो? पुस्तकं बांधणाऱ्या एका पोराची गोष्ट

रोवणीचे दिवस आहेत. आरमोरीत सकाळपासून पाऊस लागलाय. बांधीतून घरी येईपर्यंत खिशातला फोन ओलाचिंब. चार्जरची पिन लावायला जावं तर स्क्रीनवर सूचना येते, पोर्टमध्ये ओलावा आहे, पिन काढा. अशा वेळी घरात कुणीतरी हौसेनं मागवलेलं वायरलेस चार्जिंगचं पॅड आठवतं. तुम्ही फोन नीट पुसता, पॅडवर ठेवता, पॅडचा दिवा लागतो आणि तुम्ही झोपता.

सकाळी उठून बघता तर बॅटरी ११ टक्के.

पॅड खराब निघालं का? बहुतेक वेळा नाही. रात्री कुणाचा तरी मेसेज आला, फोन थरथरला आणि गुळगुळीत पॅडवरून दोन बोटं सरकला. तेवढ्यानं चार्जिंग थांबलं.

दोन बोटांनी एवढा फरक कसा पडतो? याचं उत्तर कुठल्याही मोबाईल कंपनीच्या आधी, १८३१ साली लंडनच्या एका तळघरातल्या प्रयोगशाळेत सापडलं होतं. ते शोधणारा माणूस कॉलेजात कधी गेला नव्हता. वरच्या दर्जाचं गणित त्याला आयुष्यभर आलं नाही. त्याचं नाव मायकेल फॅरडे. त्याची गोष्ट कळली की वायरलेस चार्जर कसा वापरायचा हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

लोहाराचं पोर

मायकेल फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा. लंडन शहराच्या दक्षिणेला न्यूइंग्टन बट्स नावाचा भाग आहे, तिथला. वडील जेम्स लोहार होते. कामाच्या शोधात उत्तर इंग्लंडमधून लंडनकडे आलेले. चार भावंडांत मायकेल तिसरा.

वडिलांची तब्येत कायम तोळामासा. लोहाराचा हात थांबला की घरातली चूल थांबणार, हे सांगायला नको. १८०१ च्या सुमारास धान्य इतकं महागलं की मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव यायचा. तोच पुरवून पुरवून खायचा.

शाळा म्हणाल तर वाचणं, लिहिणं आणि थोडा हिशोब. बाकीचा वेळ घरात आणि रस्त्यावर.

घरातली एक गोष्ट मात्र त्याला जन्मभर पुरली. हे कुटुंब ख्रिस्ती धर्मातल्या सँडेमनियन नावाच्या एका छोट्या पंथाचं होतं. साधं राहायचं, पैसा साठवायचा नाही, मोठेपणाच्या मागे लागायचं नाही, अशी त्या पंथाची शिकवण. पुढे हाच माणूस जगप्रसिद्ध झाल्यावर मानमरातब का नाकारत गेला, याचं मूळ इथे आहे.

बांधता बांधता वाचलं

१८०४ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, मायकेल जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला. काम काय, तर गिऱ्हाइकांच्या घरी वर्तमानपत्र पोचवायचं आणि त्यांचं वाचून झालं की परत आणायचं. वर्षभरात मालकाला पोरगा आवडला. त्यानं मायकेलला बुकबाइंडिंग शिकण्यासाठी सात वर्षांच्या करारावर ठेवून घेतलं आणि त्यासाठी फीही घेतली नाही.

दुकानात बांधायला येणारं पुस्तक बांधून द्यायचं, एवढंच त्याचं काम. हा गडी बांधायच्या आधी ते वाचून काढायचा. एकदा ज्ञानकोशाचा एक खंड हाताखाली आला. त्यात विजेवर मोठा लेख होता. तो वाचून मायकेलनं मिळेल त्या सामानातून विजेचं एक छोटं यंत्र जुळवलं आणि लेखातलं खरं आहे का हे स्वतः करून पाहिलं.

दुसरं पुस्तक होतं जेन मार्सेट या बाईंचं. रसायनशास्त्र सामान्य माणसाला, आणि त्यातही स्त्रियांना समजावं म्हणून त्यांनी ते संवादाच्या रूपात लिहिलं होतं. मोठ्या शास्त्रज्ञांचे ग्रंथ ज्याला परवडले नसते आणि कळलेही नसते, त्या पोराला या सोप्या पुस्तकानं विज्ञानाची गोडी लावली. हे ऋण फॅरडे कधीच विसरला नाही. पुढे नावारूपाला आल्यावरही तो मार्सेटबाईंचं नाव आदरानं घ्यायचा.

१८१० पासून तो शहरातल्या विज्ञानाच्या व्याख्यानांना जायला लागला. एका व्याख्यानाला एक शिलिंग लागायचा. तो पैसा त्याचा मोठा भाऊ रॉबर्ट द्यायचा. भाऊही वडिलांसारखाच लोहारकाम करणारा.

चार तिकिटं

१८१२ साली दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. बोलणारा होता सर हम्फ्री डेव्ही, त्या काळातला सगळ्यात नावाजलेला रसायनशास्त्रज्ञ. आपल्याकडे झाडीपट्टीच्या नाटकाला वडशात जशी गर्दी लोटते, तशी डेव्हीच्या व्याख्यानाला लंडनमध्ये लोटायची.

मायकेल वरच्या गॅलरीत बसला आणि शब्द न् शब्द टिपून घेतला. घरी येऊन त्या टिपणांची नीट प्रत केली, आकृत्या काढल्या, सुमारे ३०० पानं झाली. मग जे काम त्याला सगळ्यात चांगलं यायचं ते केलं. ती पानं सुबक बांधून त्याचं पुस्तक केलं.

आधी त्यानं रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना नोकरीसाठी पत्र लिहिलं होतं. त्याचं उत्तरही आलं नाही. मग डिसेंबर १८१२ मध्ये हे पुस्तक त्यानं थेट डेव्हीला पाठवलं. डेव्हीनं त्याला भेटायला बोलावलं, पण सल्ला दिला तो पुस्तकं बांधण्याचा धंदा न सोडण्याचा. विज्ञानात पोट भरत नाही, असा त्याचा रोख होता.

काही आठवड्यांतच प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला मारामारीवरून काढून टाकलं गेलं. डेव्हीला ते बांधलेलं पुस्तक आठवलं. १ मार्च १८१३ रोजी मायकेल फॅरडे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून रुजू झाला. काचसामान धुवायचं, भट्टी पेटवायची, व्याख्यानाच्या वेळी प्रयोग मांडून द्यायचे, ही कामं. राहायला माळ्यावर दोन खोल्या. तिथून पुढची जवळजवळ पन्नास वर्षं त्याचा मुक्काम याच इमारतीत होता.

त्याच वर्षी डेव्ही युरोपच्या दौऱ्यावर निघाला. त्याचा खासगी नोकर ऐनवेळी यायला तयार झाला नाही, म्हणून ते कामही फॅरडेच्या गळ्यात पडलं. डेव्हीची बायको त्याला घरगड्यासारखं वागवायची. सगळं सोडून परत जावं असं त्याच्या मनात अनेकदा आलं. पण याच दौऱ्यात त्याला पॅरिसमध्ये अँपिअर आणि इटलीत व्होल्टा भेटला. आज ज्यांची नावं आपण चार्जरवर अँपिअर आणि व्होल्ट म्हणून वाचतो, तीच ही दोन माणसं. अपमान गिळून तो दीड वर्ष शिकत राहिला.

चोरीचा आळ

१८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडनं एक चमत्कारिक गोष्ट जाहीर केली. तारेतून वीज वाहत असली की तिच्याजवळ ठेवलेली होकायंत्राची सुई हलते. म्हणजे वीज चुंबकत्व तयार करते. युरोपभर खळबळ उडाली.

१८२१ मध्ये फॅरडेनं त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. पाऱ्याच्या भांड्यात चुंबक उभा केला, वरून तार लोंबती सोडली आणि वीज सोडली. तार चुंबकाभोवती गोल फिरायला लागली. विजेवर काहीतरी सतत फिरतं ठेवण्याची ही सुरुवात. आज शेतातली मोटार चालते ती याच कुळातली. त्याच वर्षी जून महिन्यात त्याचं सारा बर्नार्डशी लग्न झालं होतं. आनंदाचा काळ होता.

तो टिकला नाही. फॅरडेनं घाईनं आपला शोध छापून टाकला. याच विषयावर आधीपासून विचार करणाऱ्या वोलस्टन या ज्येष्ठ शास्त्रज्ञाचा आणि खुद्द डेव्हीचा उल्लेख त्यात राहून गेला. झालं, लोहाराच्या पोरानं दुसऱ्याची कल्पना चोरली अशी कुजबुज सुरू झाली. १८२४ मध्ये रॉयल सोसायटीचा सदस्य म्हणून त्याचं नाव आलं तेव्हा विरोध करणाऱ्यांत स्वतः डेव्ही होता. ज्यानं दार उघडलं तोच दारात आडवा उभा राहिला.

फॅरडे निवडून आला. पण पुढची काही वर्षं त्याला दुर्बिणीच्या काचा सुधारण्याच्या कंटाळवाण्या कामात घालवावी लागली. डेव्ही १८२९ मध्ये वारला. काचेचं काम सुटलं. मग फॅरडे त्या जुन्या प्रश्नाकडे वळला. वीज चुंबकत्व देत असेल, तर चुंबकत्व वीज देईल का?

लोखंडाचं कडं

२९ ऑगस्ट १८३१. फॅरडेनं मऊ लोखंडाचं सुमारे सहा इंच रुंदीचं एक कडं बनवून घेतलं. कड्याच्या एका बाजूला तांब्याची तार गुंडाळली. दुसऱ्या बाजूला दुसरी तार. दोन्ही तारा एकमेकींना कुठेही शिवत नव्हत्या.

हे सांगायला सोपं वाटतं. पण त्या काळी प्लास्टिकचं आवरण असलेली तार मिळत नव्हती. तार उघडी. एक वेढा दुसऱ्याला चिकटू नये म्हणून मध्ये सुतळी घालायची आणि एक थर झाला की त्यावर सुती कापड. आरमोरीला टसर रेशीम नवं नाही. कोशातून धागा काढून तो रिळावर गुंडाळताना किती चिकाटी लागते हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना या कामाची कल्पना येईल. पुस्तकं शिवणारे हात इथे कामी आले.

दुसऱ्या तारेची टोकं त्यानं थोड्या अंतरावर ठेवलेल्या होकायंत्राच्या सुईवरून नेली. मग पहिली तार बॅटरीला जोडली.

सुई हलली. आणि लगेच जागेवर येऊन थांबली.

बॅटरी जोडलेलीच होती. पहिल्या तारेतून वीज वाहत होती. तरी सुई ढिम्म. फॅरडेनं बॅटरी काढली. सुई पुन्हा हलली, या वेळी उलट्या दिशेला, आणि पुन्हा थांबली.

सगळी मेख इथे आहे. चुंबकत्व नुसतं असून भागत नाही, ते बदलावं लागतं. वीज सुरू होताना बदल होतो, बंद होताना बदल होतो. मधल्या वेळात सगळं स्थिर, म्हणून दुसऱ्या तारेत काहीच नाही. आधीच्या वर्षांत त्यानं हा प्रयोग वेगवेगळ्या तऱ्हेनं करून पाहिला होता आणि हाती काही लागलं नव्हतं. सतत वाहणारी वीज शोधणाऱ्याला क्षणभर हललेली सुई दिसणं कठीणच. या वेळी त्याला ती दिसली.

यानंतर त्यानं हा बदल नाना प्रकारांनी घडवून पाहिला. १७ ऑक्टोबरला तारेच्या पोकळ वेटोळ्यात चुंबक आतबाहेर केला आणि वीज मिळाली. २८ ऑक्टोबरला मोठ्या चुंबकाच्या टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवली आणि वीज सलग मिळाली. २४ नोव्हेंबर १८३१ रोजी हे सगळं रॉयल सोसायटीपुढे मांडलं. अमेरिकेत जोसेफ हेन्रीही स्वतंत्रपणे याच शोधापर्यंत पोचला होता, पण छापून आधी आलं ते फॅरडेचं.

दोन फळ्या आणि मधला कागद

या निबंधातला एक प्रयोग फारसा कुणी सांगत नाही. वायरलेस चार्जिंगच्या सगळ्यात जवळचा मात्र तोच.

फॅरडेनं एका रुंद लाकडी फळीवर तांब्याची तार नागमोडी ताणून बसवली. तशीच तार दुसऱ्या फळीवर. एकीला बॅटरी, दुसरीला सुई. दोन फळ्यांच्या मध्ये जाड कागद, म्हणजे तारा एकमेकींना लागणार नाहीत. लोखंडाचं कडं नाही, काही नाही. एक फळी दुसरीजवळ नेली की सुई हलायची. दूर नेली की उलटी हलायची. नुसती जवळ धरून ठेवली की शांत.

आता तुमच्या टेबलावर बघा. खालची फळी म्हणजे पॅड. वरची फळी म्हणजे फोन. मधला जाड कागद म्हणजे फोनचं कव्हर.

फॅरडेला फळी हातानं जवळ न्यावी, दूर करावी लागत होती. पॅडमध्ये ते काम इलेक्ट्रॉनिक सर्किट करतं. अडॅप्टरमधून येणारी एका दिशेची वीज हे सर्किट सेकंदाला एक लाखाहून जास्त वेळा उलटसुलट करतं. त्यामुळे पॅडमधल्या तांब्याच्या वेटोळ्याभोवतीचं चुंबकत्व तितक्याच वेगानं बदलत राहतं. फोनच्या पाठीखाली दुसरं चपटं वेटोळं असतं. त्यात वीज तयार होते, फोन ती पुन्हा एका दिशेची करतो आणि बॅटरीत भरतो. किती वीज हवी ते फोन पॅडला सांगत असतो, म्हणून बॅटरी भरली की पॅड थांबतं.

ही दोन वेटोळ्यांची जोडी तुम्ही रोज दुसरीकडेही पाहता. गावाबाहेरची डीपी आहे ना, जी उडाली की अख्ख्या गावाची लाईन जाते, तिच्या आत लोखंडावर तारेची वेटोळीच असतात. फॅरडेच्या कड्याचं ते मोठं रूप. आणि चंद्रपूरच्या २९२० मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा जाळून वाफेवर जे फिरवलं जातं, ते १७ ऑक्टोबरच्या चुंबकाचं आणि २८ ऑक्टोबरच्या चकतीचं आजचं रूप. वीज तयार होण्यापासून फोनच्या बॅटरीत शिरण्यापर्यंत तोच एक नियम पुन्हा पुन्हा कामाला लागतो.

न दिसणाऱ्या रेषा

फॅरडेला सूत्रं लिहिता येत नव्हती, म्हणून तो चित्रात विचार करायचा. कागदाखाली चुंबक ठेवून वर लोखंडाचा कीस टाकला की किसाच्या रेषा उमटतात. त्याच्या मते या रेषा नुसतं चित्र नव्हत्या. चुंबकाभोवतीची जागा खरोखर अशा बलरेषांनी भरलेली असते आणि तारेनं त्या रेषा छेदल्या की वीज तयार होते.

बऱ्याच विद्वानांना हे भाबडं वाटलं. पण जेम्स क्लार्क मॅक्सवेल नावाच्या तरुण गणितज्ञाला त्यात दम दिसला. १८५० च्या दशकात त्यानं या रेषांना गणिताचं रूप द्यायला सुरुवात केली. तेव्हा साठीला आलेल्या फॅरडेनं त्याला पत्र लिहून एक विनंती केली. गणितानं निष्कर्ष काढून झाले की ते साध्या भाषेतही सांगता येणार नाहीत का, म्हणजे आपल्यासारख्यांनाही प्रयोग करून पाहता येतील. मार्सेटबाईंच्या पुस्तकावर वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडणं साहजिक होतं.

मॅक्सवेलच्या कामातून पुढे रेडिओ लहरींचा रस्ता निघाला. निकोला टेस्लानं तर त्याहून मोठं स्वप्न पाहिलं. १९०१ पासून न्यूयॉर्कजवळ त्यानं एक प्रचंड मनोरा उभारायला घेतला. तारेशिवाय संदेश आणि पुढे वीजही दूरवर पाठवायची, असा बेत. पैसा आटला, काम थांबलं आणि १९१७ मध्ये तो मनोरा पाडला गेला. दूर जाऊ तशा बलरेषा पसरतात आणि विरळ होतात. म्हणून शंभर वर्षांनंतरही आपला फोन पॅडला चिकटूनच ठेवावा लागतो. सगळ्या कंपन्यांचे फोन आणि पॅड एकमेकांशी जुळावेत म्हणून २०१० मध्ये ची नावाचं मानक आलं. पॅडच्या खोक्यावर ते चिन्ह दिसतं. २०२३ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती, ची-२, आली.

मग पॅड वापरायचं कसं?

आता नियम पाठ करायची गरज नाही. दोन फळ्या डोळ्यांसमोर आणा.

आधी फोन बघा. फोनच्या पाठीखाली वेटोळंच नसेल तर पॅड काही करू शकत नाही. बऱ्याच स्वस्त फोनमध्ये ते नसतं. पॅड घेण्याआधी फोनच्या माहितीत वायरलेस चार्जिंग लिहिलंय का ते तपासा.

मध्यावर ठेवा. दोन वेटोळी एकावर एक आली पाहिजेत. सरकली की पॅडच्या बऱ्याचशा बलरेषा फोनच्या वेटोळ्यातून न जाता बाजूनं निघून जातात. फोनवर चार्जिंगची खूण आली की मगच हात काढा. रात्री व्हायब्रेशन बंद ठेवा. ची-२ चे पॅड आणि त्याला जुळणारे फोन यांत चुंबकाचं कडं असतं. ते फोनला बरोबर जागेवर धरतं, त्यामुळे सरकण्याची कटकट उरत नाही.

कव्हर पातळ हवं. साधं प्लास्टिकचं किंवा सिलिकॉनचं कव्हर चालतं. जाडजूड कव्हरनं अंतर वाढतं आणि चार्जिंग मंदावतं किंवा होतच नाही. मागे धातूची पट्टी किंवा बोटात अडकवायची रिंग असेल तर ती काढून ठेवा.

मध्ये धातू नको. नाणं, किल्ली, टाचणी पॅडवर राहिली तर बदलत्या चुंबकत्वानं त्या धातूतच वीज फिरायला लागते आणि तो तापतो. चांगली पॅड हे ओळखून थांबतात, पण त्या भरवशावर राहू नका. कव्हरमध्ये खोचलेलं एटीएम कार्डही आधी काढा.

अडॅप्टर पुरेसा हवा. पॅडबरोबर अडॅप्टर अनेकदा येत नाही. जुन्या फोनचा कमी वॅटचा अडॅप्टर लावला की पॅडचा दिवा लुकलुकतो आणि काम होत नाही. पॅडवर लिहिलेल्या वॅटला पुरेल असाच अडॅप्टर लावा.

उष्णता सांभाळा. वायरीच्या मानानं इथे जास्त वीज उष्णतेत वाया जाते, आणि उष्णता बॅटरीचं आयुष्य खाते. चंद्रपूर-गडचिरोलीत उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा पॅड उन्हात, गादीवर किंवा उशीखाली नको. फोन तापला की तो स्वतःच चार्जिंग मंद करतो. ते बिघडल्याचं लक्षण नाही.

फोन ओला असेल तर आधी कोरड्या कापडानं पुसा, पाठ पूर्ण कोरडी करा, मगच पॅडवर ठेवा. पोर्ट वाळेपर्यंत पॅड हा चांगला पर्याय आहे.

लाईन गेली असेल तर आणि पॉवर बँकेवरच भागवायचं असेल, तर पॅड बाजूला ठेवा आणि वायर लावा. साठवलेली वीज कमी असताना ती उष्णतेत घालवण्यात अर्थ नाही. पोर्ट ओला असताना मात्र वायर लावायची नाही.

घरात कुणाला पेसमेकर असेल तर चार्ज होत असलेला फोन आणि पॅड त्यांच्या छातीपासून फूटभर तरी लांब ठेवा आणि डॉक्टरांना विचारून घ्या.

नाकारलेले मान

फॅरडेकडे परत येऊ. १८३१ नंतर त्याला कंपन्यांची सल्ल्याची कामं घेऊन खोऱ्यानं पैसा ओढता आला असता. तशी कामं त्यानं कमी करत नेली. आपल्या शोधाचं पेटंट घेतलं नाही. सर ही पदवी घेतली नाही. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद दोनदा चालून आलं, दोनदा नको म्हणाला. त्याच सोसायटीचं, जिच्या अध्यक्षानं एकेकाळी त्याच्या पत्राला उत्तरही दिलं नव्हतं.

त्याला आवडायचं ते सांगणं. १८२० च्या दशकात रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्यानं सुरू झाली. त्यात त्यानं वर्षानुवर्षं भाषणं दिली. साध्या मेणबत्तीवर त्यानं दिलेली व्याख्यानं तर पुस्तकरूपानं जगभर गेली. ती परंपरा आजही चालू आहे. कधीकाळी वरच्या गॅलरीत बसून टिपणं काढणारा पोरगा आता त्याच सभागृहात पुढे उभा राहून पोरांना शिकवत होता.

या सगळ्याची किंमतही होती. १८३९ च्या सुमारास तो खचला. डोकं गरगरायचं, आठवण दगा द्यायची. काही वर्षं संशोधन जवळजवळ थांबलं. १८४५ मध्ये तो पुन्हा उभा राहिला आणि चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो हे दाखवून दिलं. पण स्मृती पहिल्यासारखी झाली नाही. एखादा प्रयोग आपण आधी केलाय की नाही हेही आठवेना, तेव्हा तो आपल्या वह्यांचा आधार घ्यायचा. त्यानं आयुष्यभर प्रत्येक प्रयोगाची तारीखवार नोंद ठेवली होती आणि परिच्छेदांना क्रमांक दिले होते. त्या नोंदी आहेत म्हणूनच १८३१ च्या ऑगस्टमध्ये नेमकं काय घडलं ते आपण आज सांगू शकतो.

मूलबाळ झालं नाही. म्हातारपणी राणी व्हिक्टोरियानं हॅम्प्टन कोर्टजवळ राहायला एक घर दिलं. तिथेच २५ ऑगस्ट १८६७ रोजी तो गेला. राजेरजवाड्यांच्या शेजारी जागा मिळू शकली असती, पण त्याला पुरलं ते हायगेटच्या दफनभूमीत, त्याच्या इच्छेप्रमाणे साधेपणानं. ते लोखंडाचं कडं रॉयल इन्स्टिट्यूशनच्या संग्रहालयात अजून आहे. सुतळी आणि सुती कापडासकट.

तेव्हा आज रात्री फोन पॅडवर ठेवाल तेव्हा तो मध्यावर आहे ना, मागचं कार्ड काढलंय ना, एवढं बघा. बाहेर पाऊस पडत असेल, डीपीवरची लाईन टिकून असेल, तर सकाळी बॅटरी भरलेली मिळेल. नाहीच मिळाली तर पॅडला दोष देण्याआधी फोन दोन बोटं सरकलाय का ते बघा.